बाविसावी जागा

कोनाउरा
१२ एप्रिल १९७९

चि. सौ. तामाएस,

पार्सल काल दुपारी पोचलं. आत निघालं ते असं: तुमच्याकडच्या सोयाबीनच्या मिसोची बरणी एक, वाळवलेल्या सफरचंदांच्या पिशव्या दोन, कोझुएनं काढलेलं चित्र एक, आणि पत्र एक. टपालाला तू सातशे येन घातलेस. बरणीचं झाकण वाटेत सैल झालं होतं, त्यामुळे चित्राच्या एका कोपऱ्याला मिसो लागला. कोपरा आकाशाचा आहे, म्हणून फार बिघडलं नाही. चित्रात तीन माणसं आहेत. एक तू, एक ती. तिसरा उंच आहे. मी विचारत नाही.

सफरचंदं आधी रिकुओपुढे ठेवली. मग पत्र उघडलं.

सहा वर्षं झाली म्हणून लिहिलंस. मला ठाऊक आहे. कागदोपत्री तुला माझ्या होकाराची गरज नाही, हेही तूच लिहिलंस, आणि पुढच्याच ओळीत म्हणतेस, "तरी आई, तुम्ही त्याच्या भातात काड्या उभ्या करेपर्यंत मी त्या माणसाला हो म्हणणार नाही. पितरांच्या ओबोनच्या आत काय ते सांगा." म्हणजे तू मोकळी असून बांधलेली, आणि गाठ माझ्या हातात. हे बरं शोधून काढलंस.

आता माझं ऐक. जेवायच्या काड्या उभ्या करतात त्या मेलेल्याच्या भातात. माझा मुलगा, तुझा नवरा रिकुओ, प्रवासाला गेला आहे. प्रवासातल्या माणसाच्या काड्या आडव्या ठेवायच्या. माझ्या सासूनं मला शिकवलं, मी तुला शिकवलं: दूर गेलेल्याचं सावलीचं ताट रोज वाढलं की त्याला कुठंही उपाशी राहावं लागत नाही. जेवणं झाल्यावर त्याच्या वाडग्याचं झाकण उचलायचं. आतून थेंब असले तर तो सुखरूप. कोरडं निघालं तर नाही. सहा वर्षांत एकदाही कोरडं निघालेलं नाही. मग मी काड्या कुठल्या हातानं उभ्या करू?

वाडगा तोच आहे. तू गेलीस त्या सकाळी कडेची लाख उडाली, ती बाजू मी भिंतीकडे करून ठेवते.

भात नंतर मीच खाते, अन्न टाकणं पाप. कधीकधी तो खारट लागतो. भातात मी मीठ घालत नाही, हे तुझ्याइतकं कुणाला माहीत नाही.

तू म्हणतेस, घरातलं झाकण घरच्या वाफेनंच ओलं होणार. बरं. पण आमच्या बायकांच्या मंडळाच्या वार्षिक सहलीलाही मी त्याची जागा धरते, माझ्या शेजारची, खिडकीची. त्याचं जेवणही मागवते. परक्या गावचं पाणी, परक्या बाईच्या हातचा भात. तिथंही थेंब आले आहेत, दर वर्षी. यंदाची सहल जूनच्या सुरुवातीला आहे. आखणी नेहमीसारखी माझ्याकडे, कारण हिशोब माझ्याकडे. तर असं ठरवू. यंदा सहलीत झाकण ओलं निघालं, तर तू हा विषय पुन्हा काढायचा नाही. कोरडं निघालं, तर तू म्हणतेस ते मी करीन. हे कान्नोनदेवीपुढे ऊद लावून बोलले आहे, तेव्हा मागे फिरणार नाही. तूही फिरू नकोस.

मिसो चांगला आहे. जरा गोडसर. डोंगरातली माणसं मिठाला जपतात, हे तुझ्या आईपासून पाहत आले आहे.

इसोनो


२ मे १९७९

चि. सौ. तामाएस,

तुझं कार्ड मिळालं. त्यावर दोनच शब्द, "चालेल, आई." वीस येनच्या कार्डावर आणखी दहा ओळी फुकट मावल्या असत्या. कोझुएचा खोकला गेला की नाही, एवढं तरी लिहायचं.

सहलीच्या बैठकीचं लिहिते. तुला वाटेल यात काय लिहायचं, पण यंदा काही निराळंच झालं.

मी कागद तयार करून नेला होता. सकाळी सातला निघणं, डोंगरावरच्या देवळात दर्शन, पायथ्याच्या खानावळीत मडक्यातला भात, परतताना लोणच्याच्या कारखान्यात थांबणं. कारखान्यात थांबलं की बसवाले भाड्यात सूट देतात, कारण आपण लोणचं घेतो आणि त्यांना त्याचं काही मिळतं. वाटेत संडास कुठे कुठे तेही लिहिलं होतं. आमच्या वयात देवळांपेक्षा तेच आधी बघावं लागतं.

कागद वाचून संपतो न संपतो तोच तांदूळवाल्याची फुमि म्हणाली, "पुन्हा मडक्यातला भात? काकू, माझ्या दुकानात भाताशिवाय दुसरं काय आहे सांगा. सहलीत तरी दुसरं दाखवा की."

"गरम मिळतो," मी म्हटलं. "दात नसलेल्यांची सोय होते."

"दात नसलेली इथं मी एकटी," ओत्सुने म्हणाली. "माझं नाव पुढे करू नकोस. मला भाजलेल्या शिंपल्या हव्यात. चावता आल्या नाहीत तर चोखीन. तात्सुगाच्या टोकाला चला."

ओत्सुनेला तू विसरली नसशील. तुझ्या लग्नात नाचता नाचता खाली बसली आणि उठलीच नाही, तीच. नवऱ्याची, कोहेईची, आठवण काढून हसते आणि हसता हसता डोळे पुसते, हेही तसंच आहे.

मी म्हटलं, "समुद्र दारात आहे. रोज फुकट दिसतो. पैसे देऊन बघायला कशाला जायचं?"

"दारातला आपला," ओत्सुने म्हणाली. "टोकावरून दिसतो तो त्यांचा."

रिकुओच्या बोटीचे, सुएहिरो मारुचे, दिवे शेवटचे दिसले ते तात्सुगाच्या दीपगृहावरून, हे त्या खोलीत सगळ्यांना ठाऊक होतं. सहा वर्षांत मंडळाची सहल कधी समुद्राकडे गेली नाही. प्लमची फुलं झाली, वेलींचे मांडव झाले, शेवंतीच्या बाहुल्या झाल्या, सगळं डोंगराकडे. आखणी माझी होती आणि कुणी कारण विचारलं नव्हतं. आता मात्र हात वर करायला सांगितले, तर माझ्या बाजूनं मी आणि बहिरी ओशिमा. ओशिमानं हात वर केला तो केस सारखे करायला, असं नंतर कळलं.

तेव्हा टोक ठरलं. तिथं जेवण लाकडी खोक्यांतलं, गारच मिळतं.

घरी येताना ओत्सुने माझ्याबरोबर चढण चढली. वाटेत थांबून दम खाल्ला आणि मग म्हणाली, "इसोनो, रागावशील तर रागाव. उकळत्या मडक्याचं झाकण ओलंच निघणार. माझ्या कोहेईच्या नावानं ठेवलं असतंस तरी निघालं असतं. आणि त्याला तर मी एकोणपन्नासाव्या दिवशी वाटेला लावला."

कोहेई त्याच बोटीवर होता. पाच माणसं, पाच घरं. चार घरांनी दुखवटा केला.

मी म्हटलं, "तुझं तुझ्यापाशी."

"माझं माझ्यापाशीच आहे. तो ओबोनला येतो, जेवतो, जातो. तुझा कुठून येणार आणि कुठं जाणार? त्याला तू 'गेलास' असंही म्हटलं नाहीस अन् 'आलास' असंही. फिरतोय बिचारा तुझ्या सहलींबरोबर, नुसता बसमध्ये बसून."

घरी आले, ताट वाढलं, जेवले, झाकण उचललं. ओलं होतं. पण या वेळी ते हातात धरून किती वेळ बसले, ते लिहीत नाही.

तुला एकच कळवायचं होतं: जागा बदलली, जेवण बदललं, पण देवीपुढे बोलले ते तसंच आहे.

इसोनो


३० मे १९७९

चि. सौ. तामाएस,

तू येणार नाहीस हे कळलं. बागेत फळं विरळ करायचे दिवस आहेत, कोझुएची शाळा आहे, सगळं बरोबर. मी आपलं विचारून ठेवलं होतं, बसमध्ये मागे दोन जागा रिकाम्या राहत होत्या म्हणून. फळांच्या कामात त्या माणसालाही तू मदत करतेस असं वाटतं. करावी. फुकट कुणाचं घेऊ नये.

कोझुए त्याला काय म्हणून हाक मारते, हे तू लिहिलेलं नाहीस. मी दोनदा पत्र उलटून पाहिलं.

सहलीची सगळी तयारी झाली. बस चोवीस जागांची. आम्ही एकवीस बायका, बाविसावी जागा रिकुओची. बसच्या कचेरीत मी बावीसच लिहून दिले आणि बावीसांचे पैसे भरले. तिथला जुना कारकून काही विचारत नाही, शिक्का मारतो. ड्रायव्हर आणि गाईड मुलीसाठी पाकिटं केली. ज्या येणार नाहीत त्यांनी वाटखर्चाला म्हणून पैसे आणून दिले. आता त्यांच्यासाठी मिठाई आणावी लागेल आणि ती त्यांनी दिलेल्या पैशांपेक्षा महाग पडेल. दर वर्षी असंच होतं आणि दर वर्षी मी मुकाट्यानं आणते.

एक खरेदी केली. तू हसशील. गरम राहणारा डबा, खाली भात, वर सूप, अडतीसशे येनला. रिकुओचा डबा त्याच्याबरोबर गेला, अगदी तसाच. या घरात इतक्या पैशांची वस्तू शेवटची कधी आली ते मला आठवत नाही. तिथलं जेवण गार असलं म्हणून मी काही त्याला गार भात घालणार नाही. आणि देवीपुढे मी एवढंच म्हटलं होतं, की सहलीत झाकण ओलं निघालं तर. भात कुणी शिजवायचा ते म्हटलं नव्हतं. पहाटे निघण्याआधी उकळता भरीन. वाडगा आणि झाकण रुमालात बांधून घेईन. त्याचा जाड कोटही घेते, टोकावर वारा असतो.

ओत्सुनेला यातलं काही सांगितलेलं नाही.

गेले तीन दिवस सकाळी उंबऱ्याच्या आतल्या बाजूला ओल असते. पुसते, दुसऱ्या दिवशी पुन्हा. पाऊस नाही. छप्पर पाहिलं, कोरडं आहे. सहलीच्या आधीच्या आठवड्यात हे दर वर्षी होतं, मी तुला कधी लिहिलं नाही इतकंच. लहानपणी त्यालाही सहलीच्या आधी झोप लागत नसे. चपला घालून दारात बसून राहायचा आणि मी ओरडायची, "अरे, अजून चार दिवस आहेत!" परवा सकाळी ओल पुसताना तेच शब्द माझ्या तोंडून निघाले. मग हातातलं फडकं तसंच ठेवून देवीपुढे जाऊन बसले.

सहल पाच तारखेला आहे. त्यानंतर लिहीन. जे होईल ते लिहीन.

इसोनो


८ जून १९७९

चि. तामाएस,

हे पत्र लांबेल. जास्तीचं तिकीट लागेल, लागू दे.

पाच तारखेला हवा स्वच्छ होती. गाईड मुलगी नवी, निशिगुचि नावाची, विशीची असेल. पांढरे हातमोजे, डोक्यावर टोपी, आवाज मंजुळ. आधीची गाईड आम्हाला ओळखायची. रिकाम्या जागेचं तिला माहीत होतं. हिला कुणी काही सांगितलं नसावं, आणि सांगायचं मलाही सुचलं नाही. सगळ्या बसल्यावर ती दोन बोटं पुढे करून माणसं मोजत मागपर्यंत गेली, तशीच मोजत परत आली. हातातल्या कागदाकडे पाहून म्हणाली, "बावीस. सगळे आले. निघू या."

मला वाटलं, कागदावरचा आकडा वाचला असेल. पलीकडच्या बाकावरून ओत्सुनेनं माझ्याकडे पाहिलं, मी खिडकीकडे पाहिलं. खिडकीशी त्याचा कोट लावला होता.

मग निशिगुचि गरम रुमाल वाटत आली. मला एक दिला, आणि माझ्यापुढून वाकून खिडकीकडच्या जागेवर एक ठेवला, हळूच, झोपलेल्याला जाग येऊ नये तसा. रीतीची मुलगी आहे, असं मी मनात म्हटलं. तो रुमाल घडी करून पिशवीत ठेवला. वाया का जाऊ द्यायचा.

वाटेत फुमिनं माईक हातात घेऊन गाणी म्हटली. ओशिमाला वाटलं तिलाच हाका मारताहेत, ती प्रत्येक कडव्याला "हो, हो" म्हणत होती. हसून हसून पुरेवाट झाली. मीही हसले. तुला खरं वाटायचं नाही.

टोकावर जेवणाची मोठी खोली आहे, चटयांची, समुद्राकडे उघडी. मी कडेला बसले. सगळ्यांपुढे खोकी आली. मी रुमाल सोडला, वाडगा काढला, डब्यातून भात घातला. वाफ एवढी निघाली, की ओत्सुनेच्या चष्म्यावर धुकं आलं.

"हे काय आणलंस?"

"भात."

"तो दिसतोय. किती घेतला हा डबा?"

मी सांगितलं. ती म्हणाली, "देवा रे. इसोनोनं पैसे खर्च केले. आता समुद्र आटणार."

झाकण ठेवलं. काड्या आडव्या ठेवल्या. हात जोडून जेवायला बसलो. शिंपल्या चांगल्या होत्या, ओत्सुनेनं खरंच चोखून खाल्ल्या. समुद्र त्या दिवशी अगदी सपाट होता, इस्त्री केल्यासारखा. मी त्याच्याकडे पाठ करून बसले होते.

जेवणं झाली. मी झाकण उचललं.

कोरडं होतं, तामाए. कपाटातून नुकतंच काढल्यासारखं. मी बोट फिरवलं, बोट कोरडं. खालच्या भाताला बोट लावलं तर चटका बसला. त्यातून वाफ वर येत होती, माझ्या तोंडावर येत होती. झाकणावर एक थेंब नव्हता.

ओत्सुने वाकून बघत होती. तिनं झाकण माझ्या हातातून घेतलं. मी तिच्याकडेच पाहत होते, तरी तिनं ते केलं: चहाच्या पेल्यात बोट बुडवलं, झाकणाच्या आत फिरवलं, आणि मला परत दिलं.

"ओलं आहे," ती म्हणाली. "बघ. ओलं आहे गं. झाक."

सहा वर्षं माझी टर उडवणारी बाई. तिच्या पेल्यातला चहा चटईवर सांडला. मी म्हटलं, "हो. ओलं आहे." आणि झाकलं.

त्यानंतर सगळ्या दीपगृहाकडे गेल्या, सुक्या मासळीच्या, माकुळाच्या दुकानांत शिरल्या. मी एका बाकावर बसून राहिले. त्याचा कोट बसमध्येच होता.

निघायच्या वेळी निशिगुचिनं पुन्हा मोजलं. मागपर्यंत गेली, परत आली. पुन्हा गेली. तोंड उतरलेलं.

"एकवीस," ती म्हणाली. "एक कमी आहे. कोण राहिलं?"

फुमि म्हणाली, "अगं, आम्ही एकवीसच आहोत. ती एक जागा नुसती धरलेली असते, काकूंच्या मुलाची."

"हो, तेच. ते कुठे गेले?"

फुमिनं तोंडावर हात ठेवला. मुलीला वाटलं आपलं काही चुकलं, ती भराभर सांगायला लागली, "सकाळी काकूंच्या शेजारी होते की. डोळे मिटून बसले होते म्हणून रुमाल मी हातात दिला नाही, बाजूला ठेवला. इथं आल्यावर ते सगळ्यांच्या आधी उतरले. मी दारात होते, म्हटलं, दीडच्या आत परत या हं. तर म्हणाले, माझ्यासाठी थांबू नका."

ड्रायव्हर वयस्क माणूस. तो आरशात पाहून म्हणाला, "पोरी, कोट लावलाय तिथं. कोट पाहिला असशील."

"कोट बोलत नाहीत," ती म्हणाली, आणि रडायला लागली.

तामाए, ते मी आधी ऐकलेलं आहे आणि तूही ऐकलेलं आहेस. धक्क्यावर जाताना तो रोज म्हणायचा, "माझ्यासाठी थांबू नका, जेवून घ्या." आपण दोघी कधी जेवलो नाही.

ड्रायव्हरनं विचारलं, "मग काय करायचं?"

ओत्सुने उठून उभी राहिली. "थांबायचं. पाच मिनिटं कुणासाठीही थांबतात."

इंजिन चालू ठेवून आम्ही थांबलो. नियमाप्रमाणे निशिगुचि डोळे पुसून दारात उभी राहिली आणि टोकाच्या दिशेनं तोंड करून हाक मारली, "कोनाउराच्या बसचं कुणी राहिलं आहे का?" थोड्या वेळानं पुन्हा मारली. वारा नव्हता. दुकानांतली माणसं वळून बघू लागली. तिसऱ्यांदा हाक मारण्याआधी तिनं माझ्याकडे पाहिलं.

मला वाटलं होतं, मी खाली उतरेन. शोधीन. सहा वर्षांपूर्वी धक्क्यावरून मला तिघींनी ओढून नेलं होतं. पण मी जागची उठले नाही. त्यानं थांबू नका म्हणून सांगितलं होतं, आणि माझ्या मुलानं सांगितलेलं एवढं एक तरी मी ऐकायला हवं होतं.

मी म्हटलं, "नाही, कुणी राहिलं नाही. तो इथंच उतरायचा होता. चला."

बस वळली. मग ओत्सुने पलीकडून उठून आली, कोट बाजूला केला आणि त्या जागेवर बसली. सहा वर्षांत तिथं कुणी बसलेलं नव्हतं. ती म्हणाली, "सरक जरा. जाड झाली आहेस." घर येईपर्यंत बसून होती. उतरताना, त्या जागेपाशी ठेवलेल्या तिच्या साडेतीनशे येनच्या नव्या पिशवीचा तळ ओला झालेला तिला दिसला. तिनं तो पुसला आणि मला काही सांगितलं नाही. मीही पाहिलं नाही असं दाखवलं.

घरी आल्यावर नवा भात टाकला. वाडगा भरून, शीग लावून, गेलेल्याला देतात तसा. लाख उडालेली बाजू या वेळी पुढे केली. तू गेलीस त्या सकाळी तू ज्या उभ्या केल्या होत्यास आणि मी हाताच्या फटक्यानं उडवल्या होत्या, त्याच काड्या घेतल्या. पहिल्यांदा कलंडल्या. दुसऱ्यांदा उभ्या राहिल्या. उभ्या राहिल्या, तामाए. ऊद लावला, मंत्र म्हटला, त्याचं नाव घेऊन "जा" म्हटलं. नंतर माझा भात मी वेगळा वाढून घेतला. अळणी लागला. भातासारखा. काल आणि आज सकाळी उंबरा कोरडा आहे.

तुला देवीपुढे बोलून दिलेला शब्द हा असा पुरा झाला. तू त्या माणसाला हो म्हण. माझ्या मनात काही ठेवून मी हे लिहीत नाही. असतं तर आधीच्या पत्रांसारखं लिहिलं असतं.

काल पांढरा कंदील आणला. पहिल्या ओबोनला दारात पांढराच लागतो, आणि रिकुओचा हा पहिलाच. दुकानदार नवा आहे. म्हणाला, "अरेरे. कोण गेलं हो?"

"मुलगा," मी म्हटलं.

"कधी?"

"परवा."

त्यानं दोन हजारांच्या कंदिलात दोनशे कमी केले. मी ना म्हटलं नाही.

सोबत कोझुएसाठी तो गरम डबा पाठवते. तुमच्याकडे थंडी फार, शाळेत न्यायला उपयोगी पडेल. एकदाच वापरलेला आहे. सोबतचा सुका माकुळ तुझ्या आईला दे, पाण्यात घालून मग भाजायला सांग, नाहीतर दगड चावल्यासारखा लागतो म्हणतील.

ओबोनला पितर तेराला येतात आणि सोळाला दारापुढे जाळ करून त्यांना परत पाठवतात. आणायला मी एकटी पुरे आहे. पोचवायला मात्र घरची माणसं हवीत. पहिल्यांदाच जातो आहे, वाट माहीत नाही त्याला. कोझुएला घेऊन ये. तिनं चित्रात काढलेला तो उंच माणूस येणार असेल तर त्यालाही आण. बाहेर उभं ठेवू नकोस. तुमचं गोड जेवणाऱ्यांचं घर, त्याला खारं चालतं का, तेवढं लिही.

किती जण येता ते उलट टपाली कळव. भात किती जणांचा टाकायचा, हे आता मला नेमकं कळायला हवं.

इसोनो